शाम्पू बार घेताय? आधी मागचं लेबल वाचा, मग घरातलं पाणी बघा

मागच्या उन्हाळ्यात मी हौसेने शाम्पू बार आणला आणि आठवड्याभरात केस असे चिकट झाले की कंगव्याच्या दातांत पांढरट मेण साठायला लागलं. आई म्हणाली, "अगं, डोक्यावरून पाणी कधी घेतलंस शेवटचं?" दोन तासांपूर्वीच घेतलं होतं! बारला शिव्या घालून झाल्यावर कळलं की चूक माझ्या निवडीची होती, आणि थोडी आमच्या नाशिकच्या पाथर्डी फाट्याच्या बोअरच्या पाण्याची.

तर पहिलं काम, बार उलटा करून मागचं वाचा. कारण शाम्पू बार म्हणून दोन वेगळ्याच वस्तू विकतात. एक चक्क साबण असतो, तेल आणि कॉस्टिक सोड्याचा, पीएच (आम्ल-अल्क मोजायचा आकडा, जास्त म्हणजे अल्कधर्मी) ९-१० च्या आसपास. दुसऱ्यात साबण नसतोच, बाटलीतल्या शाम्पूसारखेच फेसाचे घटक असतात, फक्त पाणी नसल्यामुळे वडी पाडता येते, आणि पीएच ५-६ ठेवता येतो, जो डोक्याच्या त्वचेच्या जवळचा. लेबलवर सोडियम पामेट, सोडियम कोकोएट, सोडियम ऑलिव्हेट दिसलं की तो साबण. सोडियम कोकोइल आयसेथिओनेट असेल तर दुसरा प्रकार. दोन्हीत 'कोको' आहे म्हणून घाईत फसायला होतं, मी तशीच फसले. पुढच्या बाजूला आवळा, भृंगराज, नैसर्गिक काय वाट्टेल ते छापलेलं असू दे, तिकडे बघूच नका.

मग पाणी. रिकाम्या बाटलीत अर्धी बाटली पाणी घ्या, साध्या अंघोळीच्या साबणाचा चिमूटभर कीस टाका, जोरात हलवा. फेस भरपूर आणि खाली पाणी स्वच्छ, तर पाणी मऊ. फेस जेमतेम आणि पाणी दुधाळ, तर जड. मी गंगापूर धरणाचं नळाचं आणि बोअरचं अशा दोन बाटल्या शेजारी ठेवल्या, फरक लांबूनच दिसत होता. जड पाण्यातलं कॅल्शियम साबणाला धरतं आणि त्याचा चोथा होतो, बादलीच्या कडेला पांढरा थर बसतो ना, तोच केसांवर बसतो. म्हणून बोअरवाल्यांनी साबणाचा बार घेऊच नये असं माझं स्पष्ट मत.

धुताना केस आधी नीट भिजवा, बार तळहातावर घासून फेस करा नाहीतर मुळांशी दोन-तीनदा फिरवा, लांब केसांवर कपडे घासल्यासारखा रगडलात तर गुंता ठरलेला. तेल लावलं असेल तर दोनदा धुवा, एकदात निघत नाही. टोकांना कंडिशनर लागतंच.

वापरून झाला की जाळीच्या डबीत, पाणी उडणार नाही अशा जागी ठेवा, नाहीतर लगदा होतो. मी सुरीने अर्धा कापून घेते, एक तुकडा बाहेर, एक कपाटात.

बरेच जण सांगतात की केसांना सवय व्हायला महिनाभर लागतो, कळ काढा. तीन-चार धुण्यांनंतरही चिकट लागत असेल तर कसली कळ काढताय, बार बदला. आणि जुनी बाटली लगेच फेकू नका. कोंड्यासाठी डॉक्टरांनी दिलेला शाम्पू चालू असेल तर तो परस्पर बंद करायचा नाही, केसगळतीही नुसत्या बारने थांबत नाही.

माझा तो पहिला बार वाया नाही गेला, बाबा त्याने शर्टाची कॉलर घासतात, छान निघते म्हणे.