मुसोलिनीच्या राजवटीतले प्रेमपट कसे पाहावेत

हुकूमशाहीच्या काळात घडणारा प्रेमपट पाहताना आपले लक्ष नायक-नायिकेवर खिळते आणि गणवेश, झेंडे, मिरवणुका यांना आपण नेपथ्य समजून सोडून देतो. इटलीच्या बाबतीत असे केल्यास निम्मा चित्रपट हातचा जातो, कारण मुसोलिनीच्या राजवटीने लग्न आणि मुले यांवरच हक्क सांगितला होता. अविवाहित पुरुषांवर 1927 पासून कर होता, अनेक मुले असलेल्या कुटुंबांना सवलती होत्या आणि नोव्हेंबर 1938 च्या कायद्याने ज्यू व ‘आर्य’ इटालियन यांच्यातील विवाहाला बंदी घातली होती. म्हणून अशा प्रत्येक चित्रपटाला एक प्रश्न विचारावा: राजवट काढून टाकली, तर ही प्रेमकथा जशीच्या तशी उरते का? उरत असेल, तर दिग्दर्शकाने इतिहास केवळ भाड्याने आणला आहे.

पाहण्यापूर्वी मोजक्या तारखा लक्षात ठेवाव्यात. 10 जून 1940 रोजी इटली महायुद्धात उतरली, 25 जुलै 1943 रोजी मुसोलिनी पदच्युत झाला आणि 8 सप्टेंबरला दोस्त राष्ट्रांशी युद्धविराम जाहीर होताच जर्मन सैन्याने देशाचा मोठा भाग व्यापला. चित्रपट प्रदर्शनाच्या क्रमाने न पाहता कथाकाळाच्या क्रमाने पाहावेत. येथे सुचवलेल्या पहिल्या तीन चित्रपटांत हा क्रम नेमका उलटा येतो. मूळ इटालियन ध्वनी ठेवून उपशीर्षके लावावीत, कारण यांतील बराचसा आशय आवाजात आहे.

सुरुवात एत्तोरे स्कोला यांच्या 1977 मधील ‘उना जोर्नाता पार्तिकोलारे’ने करावी. 6 मे 1938 रोजी हिटलरच्या स्वागताच्या संचलनासाठी रोममधील एक मोठी वसाहत रिकामी होते आणि मागे उरतात सहा मुलांची आई अंतोनिएत्ता (सोफिया लॉरेन) आणि समोरच्या घरातला गाब्रिएले (मार्चेल्लो मास्त्रोयानी). त्यांची गाठ पडते, ती पळालेल्या मैनेमुळे. येथे प्रतिमांपेक्षा रेडिओकडे कान द्यावा. इमारतीच्या रखवालदारीणीने लावलेल्या रेडिओवरून संचलनाचे धावते वर्णन अंगणभर घुमत राहते, आणि दोघांचे बोलणे त्या आरोळ्यांच्या खालून चालते. गाब्रिएले स्वतः रेडिओवरचा निवेदक होता आणि समलैंगिक असल्याने त्याला काढून टाकले आहे, हे कळल्यावर तोच आवाज वेगळा ऐकू येऊ लागतो: ज्या यंत्रणेने त्याला गप्प केले, तीच दिवसभर त्याच्या खिडकीतून बोलत असते. आपला प्रश्न येथे लावून पाहावा. संचलन नसते, तर इमारत ओस पडली नसती आणि भेटही झाली नसती. राजवट या दोघांना एकत्र आणते आणि तीच त्यांना वेगळे करते. म्हणून दिवस संपताना प्रत्येकाला कुठे परतावे लागते, इकडे लक्ष ठेवावे. फिकट, धुवट रंग हे प्रतीचे दोष नाहीत, ती जाणीवपूर्वक केलेली निवड आहे.

व्हित्तोरियो दे सिका यांचा ‘इल जार्दिनो देई फिंझी-कोंतीनी’ (1970) मात्र या प्रश्नाला सरळ उत्तर देत नाही. फेर्रारा शहरातल्या टेनिस क्लबने ज्यूंना बाहेर काढल्यामुळे तरुण मंडळी एका श्रीमंत ज्यू कुटुंबाच्या बागेत खेळायला जमतात, म्हणजे बागेचे दार कायदाच उघडतो. पण त्या कुटुंबातली मिकोल तिच्या प्रेमात पडलेल्या जॉर्जोला नाकारते, त्याचे कारण कोणत्याही कायद्यात सापडत नाही. हे दोन धागे वेगळे धरून पाहावेत. बागेच्या भिंतीमुळे वाटणारी सुरक्षितता खरी मानू नये आणि हेही विसरू नये की 1938 मध्ये फेर्रारात जर्मन सैन्य नव्हते. हे वंशभेदी कायदे इटलीने स्वतः केले होते.

व्हालेरियो झुर्लीनी यांच्या ‘एस्ताते व्हियोलेंता’ची (1959) कथा 1943 च्या उन्हाळ्यात रिच्चोने येथील समुद्रकिनारी घडते. कार्लो हा फॅसिस्ट अधिकाऱ्याचा मुलगा असून वडिलांच्या वजनामुळेच तो आघाडीपासून दूर राहिला आहे. रोबेर्ता ही युद्धात पती गमावलेली स्त्री आहे. प्रेमाला मिळालेली ही सवड हुकूमशाहीच्या कृपेची आहे, म्हणून मुसोलिनी पडल्याचा आनंद रस्त्यावर उसळतो तेव्हा या दोघांचे छप्पर उडते. त्यांच्या बाजूने उभे राहताना किती अवघडल्यासारखे होते, हे स्वतःशी नोंदवावे. या तिघांत मला हाच अधिक धीट वाटतो.

रोबेर्तो बेनिन्यी यांचा ‘ला व्हिता ए बेल्ला’ (1997) अनेकांनी आधीच पाहिलेला असतो, तरी तो सर्वांत शेवटी पुन्हा पाहावा. त्याच्या पूर्वार्धात नायक शाळा-निरीक्षकाचे सोंग घेऊन मुलांसमोर ‘श्रेष्ठ वंशा’वर व्याख्यान देतो. आधीचे तीन चित्रपट पाहून झालेल्या प्रेक्षकाला तेथे हसू येतेच, पण ती थट्टा कोणत्या कायद्याची आहे हेही ठाऊक असते.