काढा, चूर्ण, अरिष्ट: आमच्या टेबलावर जादुई औषधं अशी बनतात

आमचं काष्ठौषधीचं दुकान मंडईजवळ आहे. आठवडाभर मी गल्ल्यावर बसते आणि रविवारी दुकानाच्या माळ्यावर डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा खेळ चालवते, ज्यात प्रत्येक जण एक पात्र होतो आणि काय साधतं ते फासे ठरवतात. त्या खेळात औषधं बनवायचे हे नियम या दोन्हींतून तयार झालेत. खेळाच्या पाचव्या आवृत्तीवर चालतात, थोडा फेरफार केला तर इतर खेळांतही बसतील.

छापील नियमांत औषधं बनवण्याची सोय आहेच. २०१७ च्या ‘झॅनाथार्स गाइड’ या नियमपुस्तकात साधं हीलिंग पोशन, म्हणजे जखमा भरणारं औषध, एका दिवसात २५ सुवर्णमुद्रांत होतं, त्याहून जोरदार ‘ग्रेटर’ एका आठवड्यात १०० मुद्रांत, आणि सगळ्यात जोरदार ‘सुप्रीम’ला चार आठवडे नि १०,००० मुद्रा लागतात. हिशोब चोख आहे, पण टेबलावर काहीच घडत नाही. मुद्रा खोडायच्या, दिवस मोजायचे, बाटली लिहायची. मग ती बाटली पिशवीच्या तळाशी जाते, कारण ‘पुढे मोठी लढाई असेल, तेव्हा बघू.’ मला दोन गोष्टी हव्या होत्या: बनवताना काहीतरी सोडावं लागलं पाहिजे, आणि बनलेलं औषध वापरायची घाई असली पाहिजे.

घाई आणायला औषधं नासली पाहिजेत. दुकानात हे रोज सांगावं लागतं: काढा आजचा आज घ्या, उद्यासाठी ठेवू नका. शार्ङ्गधर संहिता या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात तर स्पष्टच दिलंय की चूर्णाचा गुण दोन महिन्यांनी उतरतो, आणि आसव-अरिष्टं, म्हणजे आंबवून मुरवलेली औषधं, जुनी होतील तशी गुणाला चढतात. खेळासाठी यापेक्षा चांगला पाया मला सुचला नाही.

काढा एका शॉर्ट रेस्टमध्ये (तासाभराच्या विश्रांतीत) होतो. एक मूठ वनस्पती, विस्तव आणि पाणी एवढंच लागतं, पैसे नाहीत. एका मुठीचा एकच डोस होतो आणि तो २डी४+२ (चार बाजूंच्या दोन फाशांची बेरीज अधिक २) हिट पॉइंट, म्हणजे पात्राचा जीव मोजणारे गुण, भरून काढतो; सरासरी ७. पण पुढच्या लाँग रेस्टला (रात्रभराच्या झोपेला) तो फुकट जातो. शिवाय काढा आटवणाऱ्याला त्या रेस्टमध्ये स्वतःचे हिट डाइस (विश्रांतीत जीव भरून काढायचे फासे) वापरता येत नाहीत, कारण तो चुलीपाशी बसलेला असतो. ही अट अजिबात सोडू नका. दमलेल्या क्लेरिकनं (मंत्रांनी बरं करणाऱ्या पात्रानं) स्वतः सावरायचं की फायटरसाठी (लढवय्यासाठी) भांडं चढवायचं, या प्रश्नावर आमचं टेबल खरोखर शांत होतं.

चूर्णाला एक दिवस आणि दोन मुठी लागतात, त्याचे दोन डोस होतात. गुण काढ्याइतकाच, टिकतं खेळातले दोन महिने. मात्र अनुपानाशिवाय (औषधाबरोबर घ्यायच्या पदार्थाशिवाय) घेतलं तर निम्माच गुण. अनुपानं मी तीनच ठेवलीत. मधाबरोबर घेतलं तर पुढच्या दोन टर्नच्या सुरुवातीला आणखी ३-३ पॉइंट मिळतात. तुपाबरोबर तासभर विषाविरुद्धच्या सेव्हिंग थ्रोला (संकट टाळायच्या फाशाला) अॅडव्हांटेज, म्हणजे दोन फासे टाकून मोठा आकडा धरायचा. गरम पाण्याबरोबर ते बोनस अॅक्शनमध्ये (टर्नमधल्या मुख्य कृतीखेरीजच्या छोट्या कृतीत) घेता येतं. २०२४ च्या नियमांत पोशन पिणं तसंही बोनस अॅक्शनच आहे. आम्ही २०१४ ची जुनी, पूर्ण अॅक्शनची रीत ठेवली, ती गरम पाण्याला किंमत राहावी म्हणूनच. अर्थात गरम पाणी लढाईत आयतं मिळत नाही, आधी सोय करावी लागते. काढ्यालाही यातलं एक अनुपान जोडता येतं, न जोडल्यास नुकसान नाही.

अरिष्ट माझं सगळ्यात आवडतं. खरं अरिष्ट म्हणजे काढ्यात गूळ किंवा मध आणि धायटीची फुलं घालून भांड्याचं तोंड बंद करायचं आणि ते मुरू द्यायचं. मद्यार्क आतल्या आत तयार होतो, म्हणून ते टिकतं. खेळात यासाठी तीन मुठी वनस्पती, एक मूठ धायटी, २० मुद्रांचा गूळ आणि सात दिवस लागतात. एका बरणीत चार डोस, प्रत्येकी ४डी४+४. कधीच नासत नाही, उलट दर महिन्याला प्रत्येक डोसमध्ये १डी४ ची भर पडते, जास्तीत जास्त तीन वेळा.

पण ती बरणी कुणीतरी वाहायची असते. वाहणारा आडवा पडला किंवा एका फटक्यात १० हून जास्त डॅमेज झालं, तर १० डीसीचा (म्हणजे फाशानं १० तरी गाठायचे असा) डेक्स्टेरिटी सेव्ह, म्हणजे चपळाईचा सेव्हिंग थ्रो, चुकला तर बरणी फुटली. आमच्या मोहिमेत दोन महिने मुरलेली बरणी रेंजरच्या पाठीवर होती आणि घाटात गॉब्लिन आले. पॅलाडिन समोरच्या सरदाराला सोडून मागे पळाला आणि रेंजरच्या पुढ्यात ढाल धरून उभा राहिला. ‘मला नाही, बरणीला वाचव!’ असं रेंजर खेळणारी माझी मावसबहीण ओरडत होती. छापील पोशनसाठी असं कुणी केलेलं मी पाहिलेलं नाही.

वनस्पती गोळा करायला एक तास आणि १२ डीसीचा सर्व्हायव्हल चेक (रानात तगायच्या कौशल्याचा फासा). जमला तर १डी४ मुठी, नाही तर एक मूठ. तीच जागा महिनाभर पुन्हा खुडता येत नाही. नकाशावरच्या प्रत्येक प्रदेशाला दोन-तीन वनस्पती नेमून द्या आणि एखादीला ऋतू जोडा. मी धायटी फक्त थंडी सरताना फुलवते, सह्याद्रीच्या उतारांवर तिची लाल फुलं साधारण तेव्हाच दिसतात. त्यामुळे खेळाडू स्वतःहून म्हणतात, आधी डोंगर करू, राजधानी नंतर. नावं परकी शोधत बसू नका. गुळवेल, अडुळसा म्हटलं की पुण्यातल्या खेळाडूच्या जिभेवर कडू चव येतेच, वर्णन करावं लागत नाही.

आता फासा. हर्बलिझम किटची प्रोफिशियन्सी (वनौषधींच्या साधनांतला सराव) आणि विस्डम (शहाणपण) धरून डी२०, म्हणजे वीस बाजूंचा फासा, टाका. काढ्याला डीसी १०, चूर्णाला १३, अरिष्टाला १६. बेरीज +५ असेल तर काढा ८० टक्के वेळा साधतो, चूर्ण ६५ टक्के, अरिष्ट निम्म्या वेळा. चुकलं तरी औषध वाया घालवू नका. हातची मूठ जाऊन काहीच न मिळणं खेळाडूला फार लागतं. औषध होतं, पण त्यात खोट येते. उग्र वास: पिणाऱ्याला तासभर स्टेल्थला (लपून वावरायच्या फाशाला) डिसअॅडव्हांटेज, म्हणजे दोन फाशांतला लहान आकडा धरायचा. गुंगी: पुढच्या इनिशिएटिव्हला (लढाईत आधी कोण, हे ठरवणाऱ्या फाशाला) डिसअॅडव्हांटेज. जळजळ: पुढच्या टर्नपर्यंत रिअॅक्शन (दुसऱ्याच्या टर्नमध्ये करायची झटपट कृती) नाही. पाच किंवा त्याहून जास्तने चुकलं तर दोन खोटी.

खोट कोणती, हे चिठ्ठीवर लिहून फक्त बनवणाऱ्याच्या हातात द्या. कुणाला काय पाजायचं हे तो ठरवतो. आमच्या क्लेरिकनं वासाचा काढा न बोलता फायटरकडे सरकवला, कारण चेनमेल (साखळ्यांचं चिलखत) घातल्यावर स्टेल्थला डिसअॅडव्हांटेज असतंच. चिठ्ठी वाचून तिनं जो विचार केला, तेवढ्यासाठी हा नियम ठेवण्यासारखा आहे.

विषाचे लेपही याच पद्धतीनं होतात: चूर्णासारखे बनवा, शस्त्राला लावा, पहिल्या तीन वारांना १डी४ विषाचं डॅमेज. मुठी मोजायला आम्ही राजमा वापरतो. गुंजा दिसायला सुंदर असतात आणि तोळा-मासा-गुंजेच्या हिशोबात शोभतीलही, पण त्यांचं बी विषारी असतं, ते टेबलावर आणू नका. चालू मोहिमेत हे नियम घालायचे असतील तर पहिल्या रविवारी फक्त काढा द्या, चूर्ण गावातल्या वैद्याकडून शिकू द्या, आणि अरिष्टाची कृती एखाद्या जुन्या मठात ठेवा. जुन्या पोशनच्या बाटल्या काढून घेऊ नका, त्या संपेपर्यंत चालू द्या.