सर्वोत्तम नवोदित कोण? बेसबॉलचा वाद नीट कसा घालावा

अमेरिकेतील मेजर लीग बेसबॉलचे सायंकाळचे सामने आपल्याकडे पहाटे साडेचारच्या सुमारास सुरू होतात. त्यामुळे सांगलीत ते पाहणारे आम्ही पाच जण कृष्णेच्या घाटावरून फिरून आल्यावर चहाच्या टपरीवर जे वाद घालतो, ते बहुधा अर्धवट झोपेतलेच असतात. हंगामातील सर्वोत्तम नवोदित खेळाडूचा, म्हणजे ‘रुकी ऑफ द इयर’चा वाद मात्र शुद्धीवर राहूनच घालावा लागतो.

आधी नवोदित कोणाला म्हणायचे, ते ठरवून घ्यावे. अगोदरच्या हंगामांत ज्याने 130 हून अधिक ॲट-बॅट (फलंदाजीच्या मोजल्या जाणाऱ्या पाळ्या) खेळले, 50 हून अधिक इनिंग पिचिंग (गोलंदाजी) केले किंवा 45 दिवसांहून अधिक काळ मुख्य संघात काढले, तो नवोदित राहत नाही. या नियमात वयाचा उल्लेख नाही आणि परदेशातील अनुभवाचाही नाही. जपानमध्ये नऊ हंगाम खेळून आलेल्या इचिरोला 2001 मध्ये वयाच्या 27 व्या वर्षी हा पुरस्कार मिळाला. 2003 मध्ये मात्र या पुरस्कारासाठी मत देणाऱ्या दोन पत्रकारांनी हिदेकी मात्सुईला जपानमधील कारकिर्दीमुळे नवोदित मानलेच नाही आणि मतपत्रिकेत त्याचे नाव घातले नाही. एंजल बेरोआ 88 विरुद्ध 84 गुणांनी जिंकला. त्या दोघांनी मात्सुईला दुसरा क्रमांक (प्रत्येकी 3 गुण) जरी दिला असता, तरी त्याचे 90 गुण झाले असते. नियम मान्य नसेल तर तो बदलण्याची मागणी करावी. त्याचा राग खेळाडूवर काढणे मला तरी अन्यायाचे वाटते.

दुसरी काळजी आकड्यांची घ्यावी. सांगली हे विजय हजारे यांचे जन्मगाव आणि स्मृती मानधना इथेच वाढलेली, त्यामुळे सरासरी म्हटले की आमच्या डोळ्यांसमोर क्रिकेटची सरासरी येते. ‘शून्य पूर्णांक काहीतरी सरासरीच्या माणसाला बक्षीस कशाला?’ असा प्रश्न आमच्यातील एकाने पहिल्या वर्षी अगदी गंभीरपणे विचारला होता. बेसबॉलमध्ये .292 म्हणजे दर हजार ॲट-बॅटमागे 292 हिट (चेंडू मारून सुखरूप बेस गाठणे), आणि ही कामगिरी उत्तम मानली जाते. मैदानाचाही विचार करावा, कारण समुद्रसपाटीपासून सुमारे 1600 मीटर उंचीवरील डेन्व्हरच्या विरळ हवेत चेंडू लांब जातो आणि तिथले होमरन (क्रिकेटमधल्या षटकारासारखे फटके) थोडे स्वस्त पडतात.

खरी कसोटी लागते ती रोज खेळणारा फलंदाज आणि पाच-सहा दिवसांतून एकदा उतरणारा पिचर यांची तुलना करताना. 2024 मधील नॅशनल लीगचा (मेजर लीगच्या दोन विभागांपैकी एकाचा) वाद यासाठी समोर ठेवावा. सॅन डिएगोचा जॅक्सन मेरिल 156 सामने खेळला; सरासरी .292, होमरन 24, आणि भरीला सेंटर फील्ड ही त्याच्यासाठी नवी असलेली क्षेत्ररक्षणाची जागा. पिट्सबर्गचा पॉल स्कीन्स मे महिन्यात आला, 23 सामन्यांत त्याने 133 इनिंग टाकल्या, 170 फलंदाज स्ट्राइकआउट करून बाद केले आणि दर नऊ इनिंगमागे केवळ 1.96 धावा दिल्या. इथे ‘किती खेळला’ आणि ‘खेळला तेव्हा किती भारी होता’ हे दोन प्रश्न वेगळे ठेवावेत, आणि आपण कोणत्या प्रश्नाला किती वजन देतो, ते नाव उच्चारण्याआधीच सांगून टाकावे. आधी नाव आणि मागाहून निकष, ही आमच्या टपरीवरील सर्वांत जुनी लबाडी आहे. माझे मत मेरिलला होते, कारण पुरस्कार हंगामाचा आहे आणि तो हंगामभर मैदानात होता. पुढे कोण मोठा होईल, हा मुद्दा मात्र वादातून बाहेरच ठेवावा. बाद फेरीतील पराक्रमही मोजू नयेत, कारण मते ती फेरी सुरू होण्यापूर्वीच दिलेली असतात.

एवढे झाल्यावर तोंडी वाद थांबवून मतपत्रिका लिहावी. खऱ्या निवडणुकीत 2024 पर्यंत प्रत्येक लीगसाठी 30 पत्रकार तीन-तीन नावे क्रमाने देत आणि त्यांना 5, 3 व 1 गुण मिळत. त्या वर्षी स्कीन्सला पहिल्या पसंतीची 23 मते मिळाली, मेरिलला 7, आणि बेरीज झाली 136 विरुद्ध 104.

आम्ही भडंगाच्या पुडीचा कागद फाडून त्याच्या पाच चिठ्ठ्या केल्या. कागद तेलकट असल्यामुळे पेन उठत नव्हते, म्हणून टपरीवाल्याकडून उधारी लिहिण्याची पेन्सिल मागून घेतली. आमच्याकडे मेरिलला पहिली तीन मते पडली आणि स्कीन्सला दोन, तेव्हा मेरिलच जिंकणार असे मी धरून चाललो होतो. परंतु स्कीन्सच्या एका पाठीराख्याने मेरिलला मुद्दाम तिसऱ्या क्रमांकावर ढकलल्याचे निघाले आणि दोघांचेही गुण 19 झाले. चहाचे पैसे कोणी द्यायचे यावर पुन्हा जुंपली, तेव्हा आमच्यातील निवृत्त गणित शिक्षकांनी माहिती पुरवली की 1979 मध्ये अमेरिकन लीगमध्येही अशीच बरोबरी होऊन पुरस्कार दोघांत विभागला गेला होता, आणि तीन नावांची ही पद्धत त्यानंतरच, 1980 पासून आली. त्या दिवशी पैसे निम्मे-निम्मे दिले.