दुसऱ्याचा ब्लॉग वाचून आपलं लिखाण अडतं तेव्हा

ड्राफ्ट अर्धा झालेला असतो. या विषयावर आणखी कोणी काय लिहिलंय एवढंच बघायला दुसरी टॅब उघडली जाते. समोर एक देखणी पोस्ट येते, खाली दोनशे प्रतिक्रिया, बाजूला फॉलोअरचा भलामोठा आकडा. वीस मिनिटांनी आपला ड्राफ्ट बंद होतो आणि पुढचे तीन आठवडे उघडला जात नाही. तुलनेचं खरं नुकसान या तीन आठवड्यांत आहे, म्हणून उपायही इथूनच सुरू करावा लागतो.

‘तुलना करू नका’ हा सल्ला पाळता येत नाही. मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर यांनी १९५४ मध्ये मांडलं होतं की मोजायला पक्कं माप नसलं की माणूस स्वतःला इतरांशी ताडून पाहतो. लिखाणाला कुठलं आलंय पक्कं माप? तेव्हा तुलना होणारच. कशाची कशाशी करायची आणि कधी, हे मात्र ठरवता येतं.

आधी चौदा दिवस फक्त नोंद ठेवा. वहीत चार रकाने आखा: वेळ, कोणाचा ब्लॉग, नेमकं काय खुपलं, आणि त्यानंतर तुम्ही काय केलंत. तिसऱ्या रकान्यात ‘सगळंच भारी आहे’ असं लिहून भागवू नका. ‘दर आठवड्याला पोस्ट येते’, ‘फोटो स्वतः काढलेले आहेत’, ‘प्रकाशकाने बोलावलं’ इतकं नेमकं लिहा. दोन आठवड्यांत बहुधा दिसेल की तीच दोन-तीन नावं आणि तीच वेळ पुन्हा पुन्हा येते. बऱ्याचदा ती वेळ रात्री उशिराची किंवा स्वतःची पोस्ट टाकल्यानंतरच्या पहिल्या तासाची असते.

नोंद हाती आली की क्रम बदला. आधी लिहायचं, मग वाचायचं. निदान पाचशे शब्दांचा कच्चा मसुदा होईपर्यंत त्या विषयावरची दुसऱ्याची पोस्ट उघडायची नाही. संदर्भ लागलाच तर मसुद्यात चौकोनी कंसात ‘इथे तारीख तपासणे’ असं लिहून पुढे जा. वाचनासाठी आरएसएस रीडर, म्हणजे निवडलेल्या ब्लॉगच्या नव्या पोस्ट एका जागी आणून देणारं ॲप, वापरा. फीडली किंवा इनोरीडरमध्ये ब्लॉगचा पत्ता टाकला की मजकूर एका साध्या यादीत येतो आणि मूळ पानावरच्या प्रतिक्रिया, लाइक, ‘सर्वाधिक वाचलेले’ हा सगळा जामानिमा मागे राहतो. ज्या नावांनी वारंवार खुपतं त्यांना समाजमाध्यमांवर तीस दिवस म्यूट करा. समोरच्याला त्याची सूचना जात नाही, त्यामुळे संबंध बिघडायची भीती नाही. सगळंच एकदम बंद करण्याचा निश्चय मात्र सहसा टिकत नाही. चार-पाच दिवसांत माणूस चोरून बघायला लागतो आणि मग स्वतःवर दुप्पट चिडतो.

आता आकडे. इथे जरा थांबायला हवं, कारण सर्वांत जास्त गफलत इथेच होते. दुसऱ्या ब्लॉगची वाचकसंख्या सांगणाऱ्या साइट असतात, त्या बाहेरून अंदाज बांधतात. लहान ब्लॉगच्या बाबतीत हा अंदाज फार चुकू शकतो. त्याच्याशेजारी आपला मोजलेला आकडा ठेवणं चूकच. कमाई जाहीर करणाऱ्या पोस्टमध्येही हातात आलेली रक्कम आणि खर्च वजा जाऊन उरलेली रक्कम यांत फरक असतो, आणि तो बहुतेकदा शीर्षकात येत नाही. शिवाय आपल्याला दिसणारे ब्लॉगरच मुळात निवडून आलेले असतात. समाजशास्त्रज्ञ स्कॉट फेल्ड यांनी १९९१ मध्ये दाखवलं की सरासरी पाहिली तर आपल्या मित्रांना आपल्यापेक्षा जास्त मित्र असतात, कारण ज्याला खूप मित्र असतात तो खूप जणांच्या यादीत येतो. ब्लॉगचंही तसंच आहे. जे सर्वांत जास्त वाचले जातात तेच सर्वांच्या पडद्यावर येतात आणि महिन्याला साठ वाचक असलेले शेकडो ब्लॉग कोणालाच दिसत नाहीत.

स्वतःचे आकडे आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, पंधरा मिनिटं बघा. गुगलच्या शोधातून आपल्या ब्लॉगवर किती क्लिक आले हे सर्च कन्सोल या गुगलच्याच साधनात दिसतं, आणि तिथे तारखांची तुलना करण्याची सोय आहे. मागचे २८ दिवस त्याआधीच्या २८ दिवसांशी लावून पाहा, आणि ब्लॉग पुरेसा जुना असेल तर गेल्या वर्षीच्या त्याच दिवसांशी. तिथे १६ महिन्यांपर्यंतची माहिती मिळते. आलेखाचं शेवटचं टोक खाली वळलेलं दिसलं तर घाबरू नका, शेवटच्या एक-दोन दिवसांचे आकडे बऱ्याचदा अपुरे असतात. आणि ४० क्लिकचे २८ झाले तर ती ३० टक्के घट दिसते, पण एवढ्या लहान संख्येत एखाद्या सुट्टीच्या आठवड्यानेही तेवढा फरक पडतो.

तुलना करायचीच झाली तर समान वयाची करा. तुमचा ब्लॉग चौदा महिन्यांचा असेल तर समोरच्याच्या ब्लॉगचा चौदावा महिना शोधा. अनेक ब्लॉगवर वर्षवार जुन्या पोस्टची यादी असते. पण जुन्या पोस्ट मागाहून सुधारलेल्या असू शकतात, म्हणून वेबॅक मशीन या जुनी वेबपानं साठवून ठेवणाऱ्या साइटवर पत्ता टाकून त्या काळात साठवलेलं पान मिळतं का ते बघा. आखूड परिच्छेद, धूसर फोटो, दोन महिन्यांचा खंड असं बरंच काही तिथे सापडू शकतं. कधी पहिल्या दिवसापासूनच उत्तम काम सापडेल. तेही मान्य करा, तो माणूस कदाचित ब्लॉगच्या आधी दहा वर्षं दुसरीकडे लिहीत असेल.

हेव्याचा एक भाग मात्र कामाचा असतो आणि तो फुकट घालवू नये. महिन्यातून एकच पोस्ट निवडा आणि ती शिवण उसवावी तशी उसवा. समजा, सायकलचं पंक्चर काढण्यावरची पोस्ट आहे. पहिल्या शंभर शब्दांत काय आहे? प्रस्तावना नाही, थेट चाक काढायला सुरुवात. फोटो सहा. त्यांतला एक पाण्यात बुडवलेल्या ट्यूबचा, बुडबुडे जिथून येतात तिथे बोट ठेवलेला. ठिगळ का सुटतं याची दोन कारणं: जागा घासलेली नसणं आणि सोल्यूशन वाळू न देणं. संपली पोस्ट. ‘त्यांना जमतं, मला जमत नाही’ याच्या जागी आता हातात एक काम आलं: पुढच्या पोस्टमध्ये एक फोटो इतक्या जवळून काढायचा. एका वेळी एकच गोष्ट उचला. चार उचलल्या की ती नक्कल होते आणि आपला आवाज हरवतो.

आपल्यापेक्षा कमी वाचक असलेल्यांकडे बघून बरं वाटून घेऊ नका. तात्पुरता आराम पडतो, पण मोजपट्टी तीच राहते आणि दुसऱ्या दिवशी ती आपल्यावरच उलटते. त्याऐवजी ज्याचा हेवा वाटला त्याला दोन ओळी लिहा, नेमक्या: ‘बुडबुड्यांचा फोटो पाहून मला माझ्या ट्यूबचं भोक सापडलं.’ मोघम कौतुक औपचारिक वाटतं. नेमकं लिहिताना आपलं लक्ष माणसावरून कामावर जातं, आणि अनेकदा समोरून उत्तरही येतं.

झोप उडाली, लिखाणाखेरीज इतर गोष्टींतलीही गोडी गेली आणि असं दोन आठवड्यांहून जास्त चाललं, तर हा ब्लॉगचा प्रश्न उरत नाही. डॉक्टरांशी किंवा समुपदेशकाशी बोला, उशीर करू नका.

सहा आठवड्यांनी ती वही पुन्हा काढा आणि आणखी चौदा दिवस नोंद करा. खुपणं कमी झालं का, हे बघायची गरज नाही. चौथा रकाना वाचा. तिथे ‘ड्राफ्ट बंद केला’च्या जागी ‘एक परिच्छेद लिहिला’ असं कितीदा आलंय, तेवढंच मोजा.