सायकल आणि बेट, दोन्ही एकाच टपाल तिकिटावर हवं असेल तर

सायकलची तिकिटं पटापट मिळतात, समुद्रकाठची बेटंही ढीगभर, पण एकाच तिकिटावर दोन्ही शोधायला गेलं की नुसतं स्क्रोल करत बसावं लागतं.

१. आधी देश ठरवा, थीम (म्हणजे तिकिटावरच्या चित्राचा विषय) नंतर. स्वतःची तिकिटं काढणारी बेटं घ्या, म्हणजे जर्सी आणि गर्न्सी (दोघांची १९६९ पासून), आइल ऑफ मॅन (१९७३), फॅरो (१९७५), ऑलंड (१९८४).

२. कोलनेक्ट या संग्राहकांच्या वेबसाइटच्या कॅटलॉगमध्ये तो देश निवडून मग सायकलची थीम लावा, लिस्ट एकदम छोटी होते.

३. आता त्याच देशाची पर्यटन, टपालसेवा आणि दीपगृह यांची तिकिटं झूम करून बघा, कारण पोस्टमनची सायकल किंवा भिंतीला टेकवलेली सायकल चित्रात असते पण थीममध्ये नोंदवलेली नसते, आणि खरी मजा अशीच तिकिटं सापडण्यात आहे!

फक्त एक सांभाळा, देशांच्या नावाने थीमवरच्या तिकिटांच्या बनावट शीट्स बऱ्याच विकल्या जातात, त्यामुळे २००२ नंतरचं तिकीट असेल तर पैसे देण्याआधी जागतिक टपाल संघाच्या डब्ल्यूएनएस या अधिकृत तिकिटांच्या यादीत एकदा शोधा, तिथे नसेल तर त्या देशाच्या टपाल खात्याच्या साइटवर बघा आणि तिथेही नसेल तर सरळ सोडून द्या.