परदेशी एलएलएमला (कायद्याच्या पदव्युत्तर पदवीला) निघण्याआधी: प्रवासखर्चाच्या शिष्यवृत्तीची तयारी

सुरुवात ट्रान्सक्रिप्टपासून, म्हणजे विद्यापीठाने दिलेल्या सर्व सेमिस्टरच्या गुणांच्या एकत्रित उताऱ्यापासून करा, शिष्यवृत्तीच्या फॉर्मपासून नको. मुंबई विद्यापीठाचे ट्रान्सक्रिप्ट कलिन्यातून मिळते आणि त्याला प्रत्येक सेमिस्टरची गुणपत्रिका लागते: तीन वर्षांच्या एलएलबीला सहा, पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला दहा, शिवाय एटीकेटी (राहिलेल्या विषयाची पुन्हा दिलेली परीक्षा) असेल तर तिचीही. एखादी सापडत नसेल तर दुय्यम प्रतीचा अर्ज आजच टाका. गुणपत्रिकेवर आडनाव आधी येते, शेवटी आईचे नाव. पासपोर्टवर तसे नसते. दोन्हींतले स्पेलिंग अक्षरन् अक्षर ताडून पाहा.

शिफारसपत्र मागताना हायकोर्टात ज्यांच्या चेंबरमध्ये इंटर्नशिप केली त्यांचा विचार आधी करा. त्यांनी तुमचे ड्राफ्टिंग, म्हणजे कायदेशीर मसुद्यांचे लेखन पाहिलेले असते. तुम्हाला नीट न ओळखणाऱ्या बड्या नावापेक्षा त्यांचे पत्र कधीही सरस.

आता पैसा. जे. एन. टाटा एन्डॉवमेंट (१८९२ पासून) आणि के. सी. महिंद्रा एज्युकेशन ट्रस्ट ही दोन्ही मुंबईतलीच, पण तिथे मिळते ती कर्ज-शिष्यवृत्ती. महिंद्रांची बिनव्याजी असली तरी परतफेड आहेच. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, त्यात विमानभाडेही मिळते. तिच्यासाठी जातीचा, जातवैधतेचा आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आत्तापासून काढायला घ्या, कारण ऐनवेळी हेच दाखले अडतात. ब्रिटिश सरकारची चेव्हनिंग शिष्यवृत्ती जाण्यायेण्याचे तिकीट देते, पण २,८०० तासांच्या कामाचा अनुभव मागते. शेवटच्या वर्षाला असाल तर ती यंदा नाही, पुढे.

नियमावलीत नुसते ‘प्रवासखर्च’ वाचून निश्चिंत होऊ नका. तिकीट एकेरी की परतीचे? ते संस्था काढून देणार, की तुम्ही काढायचे आणि पैसे मागाहून मिळणार? व्हिसाचे शुल्क त्यात धरले आहे का? ब्रिटनला जाणाऱ्या विद्यार्थ्याला तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठीचा आरोग्य अधिभारच वर्षाला ७७६ पौंड पडतो, आणि तो व्हिसाच्या अर्जासोबत एकरकमी भरावा लागतो. क्षयरोगाच्या तपासणीचा दाखला वेगळा. हे सगळे विमानात बसण्याआधीचे खर्च आहेत, म्हणून शिष्यवृत्ती मंजूर झाली तरी घरच्यांशी बसून हाताशी किती रोकड लागेल ते कागदावर मांडा.

शिष्यवृत्तीची मुदत मात्र सगळ्यांत बारकाईने वाचा. बाबासाहेब १९१३ मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेले, पुढे लंडनला पोचले. पण मुदत संपल्यामुळे १९१७ मध्ये शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले. मुंबईत सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले, आणि १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. आजही प्रबंधाची तारीख शिष्यवृत्ती संपल्यानंतरची असू शकते. मुदतवाढ मिळते का, हे अर्ज करण्याआधीच ईमेलने लेखी विचारा आणि ते उत्तर जपून ठेवा.

मूट कोर्टसाठी, म्हणजे कायद्याच्या विद्यार्थ्यांच्या अभिरूप न्यायालयाच्या स्पर्धेसाठी जाणाऱ्यांचे गणित निराळे. जेसप या आंतरराष्ट्रीय मूट कोर्ट स्पर्धेची अंतिम फेरी वॉशिंग्टनला असते आणि देशपातळीवरच्या फेरीनंतर हाती थोडेच आठवडे उरतात. तेव्हा प्राचार्यांचे पत्र, संघाचे अंदाजपत्रक आणि मदत मागायच्या माजी विद्यार्थ्यांची नावे देशातली फेरी सुरू होण्याआधीच तयार हवीत. पासपोर्टचे नूतनीकरणही तेव्हाच. प्रवासाची बिले आणि बोर्डिंग पास फेकू नका. परतावा मागताना तेच लागतात.