एडिनबरा फिरताना रॉयल माईल वरून खाली उतरा

लेकाकडं नाहीतर लेकीकडं एडिनबराला चाललेल्या आपल्या लातूर-नांदेडकडच्या आई-बाबांसाठी सांगायलोय, जुनं गाव बघायला टॅक्सीनं आधी वर किल्ल्याजवळ जा अन् तिथून रॉयल माईल या रस्त्यानं होलीरूड पॅलेसकडं चालत या, सगळा उतारच हाय, उलटं गेलात तर लई दम लागतो. किल्ल्याचं तिकीट पोरांना आधीच ऑनलाइन काढायला लावा. रविवार सोडून दुपारी एकला तोफ उडते, १८६१ पासूनची पद्धत हाय, म्हणून साडेबारापर्यंत आत पोचलेलं बरं. दगडी फरशी पावसात निसरडी होते, साडीवर पण बूटच घाला, कोण बघतंय तिथं! बाथरूमला जायचं असलं, टेकायचं असलं तर चेंबर्स स्ट्रीटवरचं नॅशनल म्युझियम जवळच हाय, एंट्री फुकट.